पोसनीची बारी

राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी माझा घरमालक एका गैरहजर पोरीला शिव्या देत होता. पोरगी केव्हाच घरी जाऊन वरणभात जेवत असणार. आणि हा साठीतला माणूस ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट रोखून ओरडत होता, "इतकुशी हायेस अन् माही घराच्या तोंडाशी आलेली गोटी मारतेस? थांब, उद्या येजो तू!"

मी सामान दारातच ठेवलं. म्हटलं, बाई गं, चुकलंच आपलं. सिंदेवाहीतच खोली पाहायला हवी होती.

माझी नोकरी सिंदेवाहीला, भाताच्या बियाण्याचं काम. तिथून जवळच्या या तलावाकाठच्या गावात खोली मिळाली ती ओळखीतून. घरमालक मासेमारी करणारा, थोडी धानाची शेती. सारं गाव त्याला भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणू लागले. त्याच्या बायकोला बाई. बाईंनी माझं सामान उचलून आत नेलं आणि शांतपणे सांगितलं, "भेव नोको. तो येडा नाई. पोसनी खेळून राह्यला."

पोसनी! हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी वरोऱ्याची. अष्टचंगा आम्हीही खेळायचो, पाच पाच घरांचा पट खडूने आखून, फोडलेले चिंचोके फेकून. गोट्या म्हणजे हाताला लागेल ते. इथेही तेच. बांगडीचे तुकडे, सीताफळाच्या बिया, करंजीच्या बिया, कवेलूच्या खापऱ्या. पण आमच्याकडे खेळता खेळता कुणाला आईची हाक आली की त्याच्या गोट्या उचलायच्या. गेला तो मेला, संपलं. इथे तसं नव्हतं. इथे उठून गेलेल्या पोराच्या गोट्या पटावर तशाच राहायच्या आणि शेजारी बसलेल्याने त्याच्या वतीने दान टाकायचं, चाल करायची. अशा सांभाळायला घेतलेल्या गोट्यांना म्हणायचं पोसनी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. आरमोरीचा एकजण म्हणाला, "पोसनी? पोसलेली शेळी असन." वडशाचा दुसरा तर हसायलाच लागला. "आमच्या वडशात असे लाड नाई, म्याडम. उठला तो हरला." म्हणजे हा शब्द त्या एका गावाचाच. किंवा खरं सांगायचं तर त्या एका ओसरीचा.

मग मी भाऊंनाच विचारलं. ते जाळं विणत होते. सुई तोंडात धरून म्हणाले, "या गावात खेळ कधी पुरा झालाच नाई न म्याडम. फारेस्टवाला फटफटीवर येऊन सांगते, वाघ तलावाच्या पाळीवर आला, पोट्टे घरी लावा. झालं, उठले. कोनाची माय बोलावते, कोनाचा बाप धानाच्या बांधीचं पानी फोडाले बोलावते. उठले. मंग का खेळच नाई खेळाचा? उठनाऱ्यानं उठावं, राह्यनाऱ्यानं पोसावं. शेजारी बाजाराले गेला त त्याची शेळी आपन चारतो का नाई?"

"चारतो."

"पन दूध आपलं होते का?"

"नाही."

"झालं त मंग," म्हणून त्यांनी सुई तोंडातून काढून जाळ्याला लावली. त्यांच्या दृष्टीने सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.

पण खरी गंमत पुढे होती. पोसनी खेळताना भाऊ जागा बदलायचे. स्वतःची बारी असली की दुपट्टा डाव्या खांद्यावर. पोसनीची बारी आली की उठायचे, गेलेल्या पोराच्या जागेवर जाऊन मांडी घालायचे आणि दुपट्टा उजव्या खांद्यावर टाकायचे. मग चिंचोके असे घुसळायचे जसं काही त्यांच्या घरादारावर बेतलंय. अष्टा पडला की उड्या. स्वतःचीच गोटी मारायची वेळ आली तर एक क्षणही थांबायचे नाहीत. मारायचे, मग मूळ जागी परत यायचे, दुपट्टा बदलायचे आणि मघाच्या रिकाम्या जागेकडे पाहून शिव्यांची लाखोली सुरू. "मानूस उठला तरी त्याची बारी उठत नाई," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच.

बाकीचं वागणंही काही सरळ नव्हतं. माणसं ते माशांत मोजायचे. कुठल्याही संकटातून तगून निघणारा तो मरळ. शब्दात न सापडणारा तो वांब. गावातल्या एका पुढाऱ्याला ते झिंगा म्हणायचे, "जीव इतकुसा अन् मिशा पाहा केवढ्या." मी कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमचं अजून ठरलं नाई. पान्यात पडून पाहा लागते." त्यांच्या मुलाने नागपूरहून मोबाइल पाठवला होता, तो तांदळाच्या डब्यात असायचा. तलावावर नेला तर मासे बुजतात म्हणे, आणि घरात बाहेर ठेवला तर डोकं उठतं. फोन आला की बाई हाक मारायच्या, "अवो, तांदूळ वाजून राह्यला!" भाऊ सावकाश उठेपर्यंत तांदूळ गप्प झालेला असायचा. "जमलं," म्हणायचे, "काम असन त पुन्हा वाजन."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. गावच्या मासेमारी संस्थेचं अध्यक्षपद. मानासाठी नाही, असं ते म्हणायचे, पण खुंटीवर इस्त्री केलेलं एक जाकीट टांगलेलं होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे थोडं मानासाठीही असणार. खरं कारण तलाव. तलावाचा पलीकडचा कोपरा बेशरमाच्या झुडपांनी भरून गेला होता. भाऊंना तो साफ करायचा होता आणि एक वर्ष बाहेरचं रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे पिल्लं, बंद ठेवून तिथे आपली गावठी मरळ वाढू द्यायची होती. "माह्या लहानपनी पाय टाकला का मरळ पायाले लागे," असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. हे ऐकायला गाव तयार होतं, पण मत द्यायला नव्हतं. दर निवडणुकीत भाऊ उभे राहायचे आणि दर निवडणुकीत पडायचे.

पाडणारा माणूस ठरलेला, मामा. हा कुणाचा मामा मला शेवटपर्यंत कळलं नाही, सगळ्या गावाचाच असावा. धिप्पाड, आवाज असा की हळू बोलला तरी पलीकडच्या आळीत ऐकू जाईल. थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचा. बायाबापड्या रात्री स्टेजवरच्या मामाला शाप द्यायच्या आणि सकाळी त्यालाच मत द्यायच्या. मामाचं मत साधं. बाहेरून बीज आणा, रोहू मोठी होते, पटकन विकते, कशाला हव्यात त्या मरळीच्या आठवणी? भाऊंचं आणि मामाचं यावरून इतकं वाजलेलं होतं की तलावावर दोघं दोन टोकांना जाळी टाकायचे.

त्या साली पोळा होऊन गेला होता. वडशाला तालमी सुरू झाल्या होत्या आणि दोनच आठवड्यांनी संस्थेची निवड. तालमीत मामाने नायिकेला पळवून नेताना मंचावरून उडी मारली. नायिका सुखरूप, मामाचा पाय मोडला. चांगलाच मोडला, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेऊन सळई घालावी लागली.

गावात एका दिवसात वारं फिरलं. मामा खाटेवर, प्रचाराला कोण फिरणार? बाईंनी तर जाकीट खुंटीवरून काढून उन्हात टाकलं. शेजारचे येऊन सांगून गेले, "भाऊ, यंदा तुमीच. देवानंच करनी केली." भाऊ ऐकून घेत होते. मग उठले, पाय धुतले, आणि बाईंना म्हणाले, "मामाच्या गोट्या आता माह्यापाशी पोसनी हाय."

बाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुपट्टा डाव्या खांद्यावर टाकून घरोघर गेले, स्वतःसाठी मत मागायला. आणि संध्याकाळी उजव्या खांद्यावर टाकून त्याच घरांमध्ये पुन्हा गेले, मामासाठी! वर कहर असा की स्वतःचा प्रचार ते वाईट करायचे. दारात उभे राहून, "ते तलावाचं... तुमाले त मालूम हाय," एवढंच बोलून खाली पाहायचे. मामाचा प्रचार मात्र फर्मास. मामाची नाटकं पाहून पाहून त्याची ढब त्यांना पाठ झालेली. छाती काढून, हात उंचावून, "कोन होतं हो पुरात, जेव्हा पाळ फुटाले आली? मामा होता! रेतीचे पोते पाठीवर वाहाले कोन होतं? मामा होता!" आणि हे सगळं खरं होतं, तेच तर वाईट.

एका म्हातारीने विचारलं, "अरे, सकाडी त तू सोताले मत मांगत होता न?"

"सकाडी मी होतो, आजी. आता मामाचा मी हाय."

"असं होय," म्हातारी म्हणाली, आणि तिला ते पटलंही. या गावाला काय म्हणावं!

शेवटी माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "भाऊ, मामाचा प्रचार करा, पण जरा बेताने करा. कुणाला कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या ताटात माती टाकली होती. दोन दिवस बोलले नाहीत. रोज सकाळी माझ्या दाराशी तलावाच्या पाण्याची खबर यायची, "आज पानी रुसलं हाय," "आज पानी खुश हाय," तीही बंद. मग बाईंनीच मध्ये पडून मिटवलं. "त्या पोरीले काय मालूम? तिकडं वरोऱ्यात पोसनी नसते."

निवड शाळेत झाली. सभासदांनी चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि त्या मोजायला बाहेरचं माणूस हवं म्हणून मला बसवलं. मी एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते. भाऊ, मामा, मामा, भाऊ. कधी हा पुढे, कधी तो.  मला भाऊ निवडून यायला हवे होते, अगदी मनापासून हवे होते, हे कशाला लपवू? शेवटी मडक्यात एक चिठ्ठी उरली आणि तोपर्यंत दोघे बरोबरीत. मी उघडली. मामा.

पहिली टाळी भाऊंनी वाजवली. "आला! मामा आला! अबे कोनी चंद्रपूरले फोन लावा न!" सगळे हसले, टाळ्या झाल्या, गुलाल आला. गुलाल लावायला मामा नव्हता म्हणून तो भाऊंच्याच कपाळाला लावला गेला. मग ते शाळेमागच्या बोरिंगवर गेले आणि तोंड धूत बसले. गुलाल केव्हाच निघाला असेल, तरी धूतच होते. मी शाळेच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले आणि मला रडू आलं.

रात्रीच्या जेवणाला बाई धुमसत होत्या. "एका मतानं गेलं. एका! कोन्या मेल्यानं दगा देल्ला ते सांगा फक्त. उद्या सकाडी त्याच्या दारात जाऊन उभी राह्यते."

भाऊ भात कालवत होते. "मी."

"काय मी?"

"मीच देल्लं मामाले."

बाईंनी पळी पातेल्यात टाकली. मीही घास खाली ठेवला.

"तो दवाखान्यात पडून हाय," भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले, "त्याले मत टाकाले येता येत होतं का? नाई. मंग त्याची बारी कोन खेळन?"

"अन् तुमची?" बाई किंचाळल्या.

"मत एकच होतं न. पोसनीची बारी आधी. वरण वाढ."

"आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!" बाई उठल्या, चुलीपाशी गेल्या, परत आल्या. मला वाटलं आता वरणाचं पातेलं उडणार. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग दाराची चौकट धरून. "अशा मानसासंग म्या जलम काढला! मले कोनी शाल-नारळ द्या वो!" मग मीही हसले, आणि भाऊ आमच्याकडे आळीपाळीने पाहत वरणाची वाट बघत बसले.

मामा घरी आला तो खाटेवरच. सळई घातलेला पाय उशीवर. त्याने भाऊंना बोलावणं धाडलं, आणि मी पण मागोमाग गेले, कारण असा तमाशा कोण सोडतो? मामाने आधी भाऊंना खाटेजवळ बसवलं. मग त्या खलनायकी आवाजात म्हणाला, "तू माह्याबद्दल दारोदार काय काय बोलला, ते सांग मले."

"लोकाईले इचार."

"लोकाईनं सांगतलं. मले तुह्या तोंडून आयकाचं हाय."

भाऊंनी दुपट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि सगळं म्हणून दाखवलं. पूर, पाळ, रेतीची पोती. मामाने डोळे मिटून ऐकलं. मध्ये एकदा म्हणाला, "ते पोत्याचं पुन्हा सांग." संपल्यावर नाक शिंकरलं. "डॉक्टर म्हनते, उभं राह्याले दिवाळी होईन. तोपर्यंत अध्यक्षपन तुह्यापाशी पोसनी. ने."

बातमी गावात आमच्याआधी पोचली. बाईंनी जाकीट पुन्हा बाहेर काढलं. सगळ्यांना वाटलं, आता झालं, आता बीज येत नाही, आता मरळ. मीही भाऊंना म्हटलं, "देवाने दिलंच बघा शेवटी." भाऊ दुसऱ्या दिवशी मामाकडे गेले आणि विचारलं, "तू असता त काय केलं असतं?" मामा म्हणाला, "दरसालसारखं. रोहू अन् कटला." भाऊ घरी आले, अंगणातली बादली लाथेने उडवली. "नासवते तलाव! येडा हाय मामा!" आणि त्याच पावली बिजाची गाडी सांगायला निघून गेले.

गाडी आली ती सकाळी, दसऱ्याच्या जरा आधी. तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडे धान पोटरीला आलेलं. गावातली निम्मी माणसं पाळीवर जमली होती. मामालाही बैलबंडीत गादी घालून आणलं होतं, पाय उशीवर, डोक्यावर छत्री. बोटाएवढी रोहूची पिल्लं पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या पिशव्यांतून आलेली. गाडीवाला घाईत होता, पिशव्या फाडून ओतायला निघाला, तर भाऊ त्याच्या अंगावर धावले. "गरम पान्यातून थंड्यात टाकतेस, मारतेस का त्याईले?" त्यांनी पिशव्या बंद तोंडानेच तलावात तरंगत ठेवल्या, आतलं पाणी तलावाच्या पाण्याएवढं गार होईपर्यंत. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक पिशवी हाताने हलवत होते आणि तोंडाने रोहूच्या साऱ्या खानदानाचा उद्धार चालला होता. "खादाड मेले! माह्या मरळीचं खाल! गाळ ढवळाल! या, या, जा मंग, पोहा." इतक्या मायेने मी कुणाला शिव्या देताना ऐकलं नाही.

मामा छत्रीखालून पाहत होता. थोड्या वेळाने त्याला ते सहन होईना. "अबे," तो ओरडला, "राहू दे ते! धाड गाडी वापस! तुह्या मनाचं कर, तुले मरळ पाह्यजे न, कर मरळ! हे पाय, मी तिकडं तोंड करून बसतो. मी पाहूनच नाई राह्यलो!" आणि तो खरंच बंडीत अवघडून वळला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

 बाई माझा हात दाबून उभ्या होत्या. भाऊंनी एका पिशवीचं तोंड सोडलं, ती हळूच पाण्याखाली धरली, आणि पिल्लं आपणहून बाहेर पडू दिली.

"तू पाहून नाई राह्यला," ते म्हणाले, "म्हनूनच त तुह्या मनाचं करा लागते."

मामाने छत्री मिटून मांडीवर घेतली. बैल शेपट्या हलवत होते. मग न वळताच तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान आला, "पुढच्या साली तो पलीकडचा कोपरा तुह्या मरळीले. बेशरम मी काढतो, माह्या हातानं. तू पाहू बी नोको."

"पाहीन!" भाऊ पाण्यातून गरजले. "खाट टाकून पाहीन! तुह्यावर माहा कवडीचा भरोसा नाई!"